मधला ठिपका

"सर, तुमचा मधला ठिपका सापडला," इन्स्पेक्टर त्रिविक्रम फोनवर म्हणाला, आणि मी "शाबास" म्हणून मोकळा झालो, कारण माझी बोटं अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या दाण्यांच्या, पाण्याने बुळबुळीत झाली होती आणि रिसीव्हर हातातून निसटत होता. डिसेंबरात आमच्या बेंगळुरात घरोघरी हेच चालतं. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत धरून साल काढायची. एकट्या माणसाने करायचं काम नव्हे ते, चार बायका गप्पा मारत करतात. पण बाजारात शेंगांचा ढीग दिसला, वास आला आणि मी घेऊन आलो. वर्षभरात घरात त्या आल्या नव्हत्या. फोन ठेवणार तेवढ्यात त्रिविक्रम म्हणाला, "बाई आहे सर. पन्नाशीची. बनशंकरीत राहते. तुमच्यातलीच आहे, मराठी. कन्नड उत्तम येतं, पण सकाळपासून आमच्याशी एक शब्द बोलत नाही. स्वल्प, जरा येता का?" मी म्हटलं, "बाई कशी असेल?" तो म्हणाला, "तेच मी तुम्हाला विचारतोय." हाताचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी मी तसाच उभा होतो.

बाई कशी असेल, असं मी का म्हणालो कुणास ठाऊक. माझ्या कागदावर तो सतरा नंबर होता. सतरा नंबर बाई आहे की बुवा, म्हातारा की तरणा, हे मी विचारलंच नव्हतं, आणि न विचारण्याचा मला अभिमान होता. त्रिविक्रम माझा जुना विद्यार्थी. मी संख्याशास्त्र शिकवत असताना मागच्या बाकावर झोपायचा, आणि आता पोलिसात मोठा झाला तरी मला उभा राहून नमस्कार करतो. दिवाळीच्या सुमाराला तो माझ्या जे. पी. नगरच्या घरी आला तो डोक्याला हात लावूनच. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीची तक्रार होती. इंटरनेटचे तास म्हणजे आजकाल सोनं. ते तास वापरायचे पासवर्ड कुणीतरी चोरत होतं आणि कॉम्प्युटरवरच्या एका गप्पांच्या खोलीत आपसात वाटत होतं. परदेशातल्या कार्डांचे नंबरही तिथेच फिरत होते. खोली कसली, आपापल्या घरी बसून टाइप करायचं, सगळ्यांनी सगळ्यांचं वाचायचं. खरं नाव कुणाचंच नाही, सगळी टोपणनावं. "एकाला पकडलं की दुसरे दहा चालूच राहतात सर," तो म्हणाला. "नेमकं कुणाला धरू?" मी म्हटलं, "बाबा रे, आधी धरू नकोस. आधी मोज."

मोजणं हा माझा जन्माचा धंदा. तरुणपणी तुमकुरजवळच्या एका गावात मी दारोदार फिरून एकच प्रश्न विचारला होता: तुमचं विरजण नासलं तर कुणाकडून आणता? गावात मोठं कोण म्हणून विचारा, सगळे गौडाचं, म्हणजे पाटलाचं, नाव घेतील. विरजण कुठून आणता विचारा, मग खरं गाव दिसतं. प्रत्येक घर एक ठिपका, विरजण गेलं तिथे एक रेघ. त्या कागदावर मला पदवी मिळाली आणि पुढे सारं आयुष्य त्याच ठिपक्यांवर निघालं. त्रिविक्रमलाही मी तेच सांगितलं. कंपनीचा एक इंजिनिअर टोपणनाव घेऊन त्या खोलीत बसला होता, सगळं बोलणं उतरवून घेत होता. म्हटलं, मला ते बोलणं नको. कोण कुणाला उद्देशून बोललं आणि किती वेळा, एवढंच दे. नावं काढ, नंबर घाल. मजकूर वाचला की माणूस आवडतो नाहीतर नावडतो, आणि मग रेघ वाकडी जाते. केवढा तोरा! त्रिविक्रम बिचारा सगळं नंबर घालून घेऊन आला. मी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि कितीतरी महिन्यांनी माझी दुपार चटकन सरली. सतरा नंबर ठळक मधोमध आला. जे एकमेकांशी कधी बोलत नव्हते ते सगळे सतराशी बोलत होते. "हा एक काढला की बाकीचे आपोआप विखुरतील," मी म्हणालो. त्रिविक्रमने विचारलं, "म्हणजे म्होरक्या?" मी म्हटलं, "मधला." तो म्हणाला, "तेच ते, सर." मी पेन्सिलींची टोकं तपासत होतो. नाही, ते तेच नव्हे, हे मी त्याला ठासून सांगायला हवं होतं, पण शाबासकी घेताना कोण ठासून बोलतो?

रिक्षात बसलो तेव्हा ऊन छान कोवळं होतं आणि मला सत्यवतीची आठवण येत होती. सत्यवती माझी बायको. मागच्या डिसेंबरात गेली. ती होती तेव्हा आमच्या घरी फोन सारखा वाजायचा आणि मी वैतागायचो, की हे घर आहे का टेलिफोन एक्सचेंज. बनशंकरीत राहणारा माझा सख्खा भाऊ ज्योतिबा अण्णा तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलायचा. मुलगी भूमिका नागपूरहून तिच्याशी रडायची, हसायची, भाजीला काय फोडणी घालू विचारायची. शेजारच्या कन्नड बायका मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. मला वाटायचं ही माझी माणसं. भाऊ माझा, मुलगी माझी, घर माझं. ती गेली आणि तेराव्यानंतर एकेकाने फोन केला, "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवतोस ना?" "हो." की पुढे काही नाही! अण्णाला मला काय सांगावं ते सुचेना आणि मलाही सुचेना. साठ वर्षं एका आईची पोरं आम्ही, पण आमच्यामधली रेघ तिच्यातून जात होती. आता अण्णा महिना महिना फोन करत नाही. भूमिका रविवारी करते, तब्येत विचारते, जावयाची तब्येत सांगते आणि "ठेवते हं बाबा" म्हणते. कुणी भांडलं नाही, कुणाचं काही चुकलं नाही. मधलं माणूस गेलं की काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्या दुपारी टेबलावर वाकून, तिच्याच टेबलावर, मी किती आनंदाने म्हणालो की हा एक काढला की बाकीचे विखुरतील. हे आत्ता, रिक्षात, बनशंकरीच्या देवळावरून जाताना माझ्या लक्षात आलं आणि मी पुढचा दांडा धरून वाकलो. रिक्षावाल्याने कन्नडात विचारलं, "काय सर, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "चला, चला."

त्रिविक्रमने तिला आपल्या खोलीत बसवलं होतं, तेवढी माणुसकी होती. ताठ बसली होती. धुवट सुती साडी, डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही, बहुतेक घाईत तशीच आणली असावी. टेबलाच्या कोपऱ्यावर कॉफी गार होऊन साय धरली होती. आणि भिंतीवर, तिच्या बरोबर डोक्यामागे, माझा तक्ता. कुणीतरी तो मोठा करून घेतला होता आणि मधल्या ठिपक्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. तिने मान वळवून तो पाहिला असेल का, या विचाराने मला कानकोंडं झालं. मी म्हटलं, "नमस्कार, मी अरविंद. जे. पी. नगरला असतो. आमचे लोक शहाजीराजांबरोबर आलेले, तेव्हापासून इथलेच." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "आमचेपण," ती म्हणाली. "मी सगुणाबाई. तुम्ही पोलिसात आहात का अण्णा?" "नाही." "मग इथे काय करता?" या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर होतं. मी म्हणालो, "हे साहेब माझे विद्यार्थी."

मग ती बोलली. हळूहळू, आपल्या घरगुती मराठीत, मध्येच कन्नड, आणि सगळं मलाच, जणू खोलीत त्रिविक्रम नव्हताच. मुलगा अभिराज अमेरिकेला गेला. जाताना कॉम्प्युटर ठेवून गेला, इंटरनेट जोडून दिलं, दोन बोटांनी टाइप करायला शिकवलं आणि म्हणाला, आई, फोन महाग पडतो, आपण या खोलीत भेटत जाऊ, माझे मित्र असतात इथे. तिला इंग्रजी बेताचं, पण इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहायला लागतंय काय! पहिले काही महिने अभिराज यायचा. मग कमी यायचा. मग त्याचे तास संपले की तिचे संपले, तिला कळेना, खोलीचं दारच उघडेना. "मी रडायलाच आले हो. उद्या तो आला आणि मी नसले तर?" तेव्हा तिथल्या एकाने अभिराजकडून नंबर घेऊन फोन केला आणि एक पासवर्ड सांगितला; तो पोरगा पुढे तिथे यायचा बंद झाला. म्हणाला, अक्का, हा घाला, चालेल. कुणाचा, कुठला, तिने विचारलं नाही. "अभिराज आला नाही. पण ती पोरं रोज यायची. कुणी हॉस्टेलात, कुणी दुकानात नोकरीला, कुणी एकटंच खोली घेऊन राहणारं. मी आपली प्रत्येकाला विचारायची, ऊट आयता? जेवलास का? दुसरं मला काय येतं?"

जेवलास का! आमच्या गावात भेटल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, नमस्काराच्या जागी. ती प्रत्येकाला विचारायची, प्रत्येकजण उत्तर द्यायचा, आणि इकडे जे. पी. नगरला बसून मी शहाणा त्या एकेका प्रश्नाची एकेक रेघ ओढत होतो. माझ्या मोजणीत जेवलास का आणि कार्डाचा नंबर दे यांचं वजन सारखंच. मी मजकूर वाचत नाही ना!

त्रिविक्रमला मराठी थोडंबहुत कळतं. तो कन्नडात म्हणाला, "सर, भोळेपणावर जाऊ नका. हिला माहीत होतं तिथे काय चालतं." आणि तेही खरंच होतं. ती नाकारत नव्हती. भांडणं तीच सोडवायची. कुणी म्हणालं हा नवा, याला पासवर्ड कसा द्यायचा, तर ती म्हणायची, दे रे, चांगला आहे तो, त्याची परीक्षा आहे. तिने म्हटलं की मिळायचा. तिच्या शब्दावर तो सगळा चोरबाजार उभा होता. त्रिविक्रमने तिला एका छापखानेवाल्याबद्दल सांगितलं. त्याने वर्षाचे तास विकत घेतले होते, दोन महिन्यांत कुणीतरी फस्त केले, त्याचं परगावचं सगळं काम बुडालं. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला तो कुठे दिसत होता?" ती म्हणाली आणि रडू लागली. मला तिला सांगावंसं वाटलं, की बाई, मलाही तुम्ही दिसत नव्हता. पण हे म्हणून तिचं काय भलं होणार होतं?

त्रिविक्रम मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आला. उद्या पेपरवाले येणार होते. तक्ता, लाल वर्तुळ आणि त्याखाली टोळीची म्होरकी म्हणून सगुणाबाईंचं नाव. मी म्हटलं, "त्रिविक्रम, मधला म्हणजे म्होरक्या नव्हे. मी लिहून देतो, सही करतो. कोर्टात मी हेच सांगणार, तुझा तक्ता तुझ्यावरच उलटेल." माझा आवाज इतका चढला की दोन हवालदार वळून बघायला लागले. तो खूप वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मुळात तो चांगला माणूस. शेवटी म्हणाला, "सरी, ठीक आहे. कायदाही अजून धड नाही याला. मला टोळी मोडायची आहे, बाईला नाही. ती परत तिथे गेली नाही तर टोळी मोडेल का? तुम्ही सांगा, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" मला खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, "मोडेल." "मग एवढंच करू. कॉम्प्युटर जमा करतो, जबाब घेतो, साक्षीदार म्हणून सोडतो. पण सर, एकदा जरी ती त्या खोलीत दिसली, कुठल्याही सायबर कॅफेतून, एकदा जरी, तर पहिली आरोपी तीच. मग माझ्याकडे येऊ नका. तुम्ही समजावा तिला, तुमच्या भाषेत." मी समजावलं. पोरांची खरी नावं तिने सांगितली नाहीत. ठाऊक नाहीत म्हणाली. ठाऊक होती, हे मलाही कळलं आणि त्रिविक्रमलाही, पण त्याने पुढे विचारलं नाही. मी तिला रिक्षाने घरी सोडलं. ती वाटेत एकच बोलली, "त्यांना निदान सांगू तरी दिलं असतं, की मी येत नाही म्हणून." मी म्हटलं, "नाही चालायचं." ती बरं म्हणाली.

संक्रांत झाल्यावर त्रिविक्रमचा माणूस कागदांचा गठ्ठा देऊन गेला. खोलीतलं नंतरचं बोलणं. सरांनी नवा तक्ता काढून द्यावा, टोळी मोडली की नाही ते वर दाखवायचं आहे. या वेळी नंबर घालायला कुणाला सवड झाली नव्हती, सगळं जसंच्या तसं होतं. मी चष्मा लावला आणि जन्मात पहिल्यांदा मजकूर वाचायला बसलो. पहिल्या दिवशी, अक्का कुठे आहे. अक्का आज नाही का. अक्काचा फोन बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी, अक्का आजारी आहे का, कुणाला घर माहीत आहे का. गूबे म्हणून एक होता. गूबे म्हणजे घुबड, पण आमच्याकडे लाडाने वेंधळ्या पोराला म्हणतात, बहुतेक तिनेच ठेवलेलं नाव. तो काही न विचारता रोज एकच ओळ लिहायचा, अक्का, माझं जेवण झालं. कुणी उत्तर द्यायचं नाही, तरी लिहायचा. एकाने लिहिलं होतं, अक्का, आज शेवटचा पेपर होता, बरा गेला. मग हळूहळू ओळी विरळ झाल्या. कुणी कुणाला बाद झालेला नंबर दिला, शिव्या झाल्या, मध्ये पडायला कुणी नव्हतं. एक गट निघून गेला. दुसरा गेला. शेवटच्या पानांवर गूबे आणि आणखी एक, दोघेच, आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते, दोघेही अक्काशीच बोलत होते. शास्त्र बरोबर होतं. तंतोतंत. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ओक्साबोक्शी रडलो. पोरांसाठी, सत्यवतीसाठी, माझ्यासाठी, मलाच नीट सांगता येत नाही. चोर होती हो ती पोरं, मला माहीत आहे. छापखानेवाल्याचं पोट मारलं त्यांनी. तरी मी रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनशंकरीला गेलो. का गेलो? ते कागद वाचल्यावर घरात बसवेना. हे जिचं आहे तिला द्यावं, एवढंच डोक्यात होतं. कागद बरोबर नेले नव्हते, ते पोलिसांचे, पण सगळं मला पाठ होतं. मी वाटेत ओळी जुळवत होतो, आधी परीक्षेचं सांगावं की गूबेचं. तिने दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मी हडबडलो. एका महिन्यात बाई निम्मी झाली होती. "या अण्णा, बसा," म्हणाली. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल रिकामं होतं. त्यावर अबोली रंगाच्या कापडाची खोळ पडली होती, तिने हाताने शिवलेली, कडेला टीप घातलेली, आतलं यंत्र गेल्यामुळे बसकी झालेली. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. पाणी नाही, कॉफी नाही. आपल्या घरात असं होत नाही, इतकी ती घाईत होती.

"तुम्हाला ते कागद दाखवत असतील ना?" तिने विचारलं. "त्या खोलीतलं?"

मी मान हलवली.

"माझी कुणी आठवण काढली का हो?"

तोंडाशी आलं होतं. गूबेचं नाव अक्षरशः ओठांवर होतं. आणि मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घरात होती तरी तिने चपला घातल्या होत्या, आणि दाराजवळच्या खिळ्याला पिशवी अडकवलेली, छत्री अडकवलेली. कोपऱ्यावर नवा सायबर कॅफे झाला होता, येताना मी बोर्ड पाहिला होता. जावं की न जावं करत ती फक्त एका शब्दासाठी थांबली होती. मी हो म्हणालो असतो तर माझ्या पाठोपाठ निघाली असती, पोरांना दोन ओळी लिहून आली असती, जेवा रे वेळेवर म्हणून, आणि संध्याकाळी त्रिविक्रमची गाडी दारात उभी राहिली असती. नाही म्हटलं तर काय होईल, तेही मला ठाऊक होतं. माझ्या तक्त्यावर तिच्याकडे येणाऱ्या अजून दोन रेघा उरल्या होत्या, त्याही मीच पुसणार होतो.

"नाही," मी म्हणालो.

"एकानेही नाही?"

"नाही हो. पोरं ती. चार दिवसांत दुसरीकडे गेली. आपापल्या कामाला लागली."

"गूबे? गूबेने पण नाही?"

"मी सगळं वाचलं, सगुणाबाई. कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली. सत्यवती म्हणायची तुम्हाला खोटं बोलता येत नाही, पण त्या दिवशी मला अगदी सफाईने आलं. मग सगुणाबाई खाली बसली, जमिनीवरच, भिंतीला टेकून. "सरी," म्हणाली. "बरं झालं मग. मी उगाच जिवाला लावून घेत होते, की पोरं वाट बघत असतील." थोड्या वेळाने तिने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. उठली, टेबलावरची ती खोळ घेतली, झटकली आणि चार घड्या घालून माझ्या हातात दिली. "अण्णा, एवढी माळ्यावर टाकाल का? माझा हात पोचत नाही."

मी खुर्चीवर चढलो आणि टाकली.